क्वार्टरबॅकचं घड्याळ पायात असतं

जॉश अ‍ॅलन हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू. त्याच्या हातात ताकद आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका होती ती नेमाची. वायोमिंग विद्यापीठाकडून खेळताना त्याचे शंभरातले जेमतेम ५६ पास सहकाऱ्याच्या हाती पोचत. तरी २०१८ साली बफेलो बिल्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या क्रमांकावर उचललं. नेम उपजत असावा लागतो, शिकवून येत नाही, असं तेव्हा बरेच जाणकार म्हणत. पहिल्या मोसमात त्याचे ५२.८ टक्के पास पोचले, दुसऱ्यात ५८.८ आणि तिसऱ्यात ६९.२!

मग नेम म्हणजे नक्की काय? थोडा हिशेब करू. १८ मीटरवरच्या रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्या सहकाऱ्याकडे, चेंडू फेकताना कोन १ अंशाने चुकला, तर चेंडू साधारण ३१ सेंटीमीटर बाजूला जातो. हात लांबवला की झेल होतो. पण रिसीव्हर सेकंदाला ९ मीटर वेगाने आडवा पळतोय आणि ठरल्या जागी जाणारा चेंडू सेकंदाच्या फक्त दहाव्या भागाने उशिरा सुटला, तर चूक ९० सेंटीमीटरची होते. म्हणजे नेम हुकल्यासारखा दिसतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

या वेळेचं घड्याळ पायात असतं. चेंडू हाती आला की क्वार्टरबॅक तीन, पाच किंवा सात पावलं मागे सरकतो. पावलांची संख्या रिसीव्हरच्या धावेशी जुळवलेली असते. शेवटचं पाऊल टेकताना पहिला रिसीव्हर मोकळा नसेल, तर एक छोटी उसळी घ्यायची आणि नजर दुसऱ्याकडे न्यायची. पाय मात्रा मोजतात, हात समेवर येतो. सगळा खेळ अडीच-तीन सेकंदांचा.

ताकदही पायांतूनच वर चढते: मांडी, कंबर, खांदा, कोपर, मनगट, प्रत्येकाची पाळी आधीच्यापेक्षा किंचित उशिरा. पुढचं पाऊल फार लांब पडलं की धड मागे राहतं आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. अ‍ॅलनने सुट्टीच्या महिन्यांत जॉर्डन पामर या माजी क्वार्टरबॅककडे कंबर आणि पायांचा हाच क्रम घोटला. मात्र सगळं श्रेय या सरावाला देता येत नाही. २०२०च्या मार्चमध्येच बफेलोने स्टीफन डिग्ज हा अव्वल रिसीव्हर आणला होता. एका वेळी दोन गोष्टी बदलणारा प्रयोग प्रयोगशाळेत कुणी चालवून घेतला नसता.

राहिली नजर. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवलं, की निष्णात बुद्धिबळपटूला खऱ्या डावातली मांडणी क्षणभर पाहून आठवते. सोंगट्या कशाही मांडल्या की त्याची आघाडी जवळपास संपते. तो सुट्या सोंगट्या पाहतच नसतो, ओळखीचे गट पाहतो. नवख्या क्वार्टरबॅकला समोर ११ माणसं दिसतात, मुरलेल्याला दोन-तीन आकृत्या. हेल्मेटमधल्या रेडिओवरून प्रशिक्षक सूचना देऊ शकतो, पण चाल सुरू करण्यासाठी दिलेल्या वेळेतले १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं एकट्याने ओळखायचं.

हे मुरणं बाकावर व्हावं की मैदानात, यावर वाद रंगतात. पॅट्रिक महोम्स २०१७चा मोसम अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला, फक्त एक सामना सुरुवातीपासून खेळला आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) फेकून सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून उतरला आणि त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. संघ ३ सामने जिंकला. पुढच्या मोसमात जिंकला १३.

डेव्हिड कारही २००२ मध्ये ह्यूस्टनकडून थेट मैदानात आला होता, पण त्याला राखणाऱ्या सहकाऱ्यांची भिंत कच्ची होती. चेंडू हातात असतानाच तो ७६ वेळा आडवा झाला; मॅनिंग त्याच्या पहिल्या वर्षी २२ वेळा. मला वाटतं, खरा फरक इथेच आहे. चुकलेला पास दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर पुन्हा पाहता येतो. पण अंगावर धावून येणाऱ्यांकडेच डोळे जाऊ लागले, की दूरचा रिसीव्हर मोकळा असूनही दिसत नाही.