कौटुंबिक आठवणींची कापड आणि फोटो कला

घरातले जुने फोटो आणि घरातलंच जुनं कापड, म्हणजे वापरलेले कपडे, चादरी, रुमाल वगैरे, एकत्र घेऊन त्यातून कुटुंबाची गोष्ट शोधायची, अशा कामाला ढोबळपणे हे नाव देता येईल. कुणी फोटो कापडावर छापतं, कुणी फोटोवरच भरतकाम करतं, कुणी गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी शिवतं. ठरलेली शैली नाही, आणि खरं सांगायचं तर गॅलरीत मांडणारा आर्टिस्ट आणि घरी शिवत बसलेलं माणूस यांच्यातली रेषाही इथे बरीच पुसट आहे.

फोटो आणि कापड, ही जोडी जमते कशी? तर फोटोसाठी माणसं तयार होतात, केस विंचरतात, कुणी कुणाच्या शेजारी उभं राहायचं ते ठरतं. त्यामुळे अल्बममध्ये भांडणं सापडत नाहीत, आजारपण क्वचितच सापडतं, आणि जी व्यक्ती कायम कॅमेऱ्याच्या मागे किंवा कामात होती ती तर जवळजवळ नसतेच. कपड्यांना असं तयार वगैरे होता येत नाही. कोपरावर विरलेली बाही, आतून केलेला रफू, आधी आखूड करून मग मूल उंच झालं तसा उसवून परत लांब केलेला फ्रॉक, ज्याची जुनी दुमड अजून फिकट रेघ होऊन दिसते, यात रोजचं जगणं आपोआप नोंदलं गेलेलं असतं.

याचं सगळ्यात थेट उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावातलं. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून त्याची गोधडी केली, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावं म्हणून. निळ्या-करड्या पट्ट्या, काही ठिकाणी रंग उडालेला, काही ठिकाणी डाग. फोटो एकही नाही, तरी माणसाचं पोर्ट्रेट बघतोय असंच वाटतं.

लुईज बुर्ज्वा या शिल्पकाराचं तर बालपणच कापडात गेलं. आईवडिलांचा पॅरिसजवळ जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, दुरुस्त करायचा वर्कशॉप होता, टॅपेस्ट्रीचा खालचा भाग आधी झिजतो त्यामुळे चित्रातल्या माणसांचे पाय गेलेले असायचे, आणि ते पाय परत काढून द्यायचं काम लहानग्या लुईजकडे असायचं. नव्वदी गाठल्यावर, २००२ मध्ये, त्यांनी स्वतःचे जुने कपडे आणि लग्नातले, नावाची अक्षरं भरलेले लिननचे टॉवेल वापरून कापडाचं एक पुस्तक केलं, त्याची पानं काजांतून बंद ओवून बांधलेली आहेत. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ साधारण 'विस्मृतीचं स्तोत्र' असा, म्हणजे आठवणी जपायचं सामान वापरायचं आणि नाव मात्र विसरण्याचं.

फोटोवरच्या भरतकामात कारोल बेनिता यांचं काम बघण्यासारखं आहे. आधी त्या फॅशन डिझायनर होत्या, २००९ पासून त्यांनी स्वतःच्या लहानपणीचे फॅमिली फोटो घेऊन त्यावर बहुतेक लाल धाग्याने काम केलं, कुठे चेहरे झाकले, कुठे माणसांना दोऱ्याने जखडलं. मूळ फोटोला त्या सुई लावत नाहीत, स्कॅन करून नव्या प्रिंटवर काम करतात, आणि हे नवशिक्यांनी आधी लक्षात घ्यावं, कारण फोटोला पडलेलं भोक बुजत नाही. शिवाय आता चेहऱ्यावर लाल धागा ही फॅशनच झालीये, का शिवतोय हे माहीत नसेल तर ते नुसतं डेकोरेशन होतं.

हे सगळं घरापुरतंच राहतं असंही नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं गायब झाली त्या बायकांनी जाड तागाच्या कापडावर चिंध्या शिवून चित्रं केली, त्यात कधीकधी बेपत्ता माणसाच्याच कपड्याचे तुकडे असायचे. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांसाठी जी प्रचंड गोधडी सुरू झाली तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, साधारण थडग्याएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते, आता ५०,००० च्या आसपास आहेत, आणि त्यावर जीन्स, टोप्या, फोटो, खेळणी असं काय काय शिवलेलं आहे.

कापडावर फोटो उतरवायची स्वस्त आणि घरी जमणारी पद्धत म्हणजे सायनोटाइप, ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली. लोहाचे दोन क्षार पाण्यात मिसळून कापडाला लावायचे, अंधारात वाळवायचं, वर ट्रान्सपरंट शीटवर छापलेली निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात खळबळून काढायचं, की निळा फोटो तयार. सुती, लिनन, रेशीम यावर छान येतं, पॉलिएस्टरवर रंग धरत नाही. नंतर मात्र धुण्याच्या सोड्यात किंवा नेहमीच्या डिटर्जंटमध्ये टाकलं तर निळा रंग उडून पिवळट डाग उरतो.

खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. केमिकल नीट शोषलं जावं म्हणून कापड आधी स्वच्छ धुवावं लागतं, आणि शर्ट धुतला की कॉलरची मळकी रेघ जाते, तेलाचा डाग जातो, वासही जातो, ज्याच्यासाठी तो शर्ट इतकी वर्षं कपाटात ठेवलेला असतो. म्हणून बरेच जण फोटो दुसऱ्याच कापडावर छापतात आणि मूळ शर्टाला, न धुता, मोठ्या धावदोऱ्याने टाचतात, म्हणजे वाटलं तर परत उसवता येतो.