स्टॉपवॉच चालू असताना चाचणी का अडते?

नाशिकला एम. जी. रोडवर मोबाइल घेताना एक समजूत हमखास कानावर येते: घड्याळ, डायलर (फोन लावायचं अ‍ॅप), सेटिंग्ज ही कंपनीचीच अ‍ॅप्स, त्यांत काय बिघडणार? बिघडतात, आणि ती सहज काढूनही टाकता येत नाहीत. डायलरच अडला तर १०८ला फोन कसा लावणार? म्हणून प्रत्येक अपडेटनंतर ती पुन्हा तपासावी लागतात, आणि ते काम संगणकावर सोपवतात.

अ‍ॅपची आपोआप चाचणी घेणारं अँड्रॉइडचं ‘एस्प्रेसो’ हे साधन इथे बाहेरच्या माणसाच्या कामाचं नाही. त्याला चाचणी आणि अ‍ॅप या दोन्हींवर एकाच किल्लीची डिजिटल सही लागते, आणि ती किल्ली कंपनीकडे. म्हणून वापरायचं अँड्रॉइडचंच दुसरं साधन, ‘यूआय ऑटोमेटर’. ते स्क्रीनचं चित्र बघत नाही. अंधांसाठीचं टॉकबॅक ज्या वाटेनं स्क्रीन वाचतं, त्याच वाटेनं प्रत्येक बटणाचा मजकूर, आयडी (कोडमधलं त्याचं नाव) आणि चौकटीचे कोपरे घेतं.

घरीही करून बघता येईल. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा, त्यानं उघडणाऱ्या डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग चालू करा आणि संगणकावरून एडीबीनं (फोनला आज्ञा देणारा संगणकावरचा प्रोग्रॅम) यूआय ऑटोमेटरची ‘डम्प’ आज्ञा द्या. स्क्रीनची सगळी रचना एक्सएमएल फाइलमध्ये मिळते. आता स्टॉपवॉच सुरू करून तीच आज्ञा द्या. बहुतेकदा फाइलऐवजी ‘स्थिर अवस्था मिळाली नाही’ अशा अर्थाची त्रुटी येते. कारण डम्प आधी स्क्रीन शांत व्हायची वाट बघतं: सलग १ सेकंद एकही बदल नको, आणि थांबायचं जास्तीत जास्त १० सेकंद. स्टॉपवॉचचा आकडा सेकंदाला अनेकदा बदलतो, दर बदलाची सूचना जाते, आणि तो एक सेकंद कधी मिळतच नाही.

उपाय असा: चाचणीच्या कोडमध्ये ही शांततेची वाट शून्यावर आणायची आणि हव्या त्या बटणाचीच वाट बघायची, ५ सेकंदांची मुदत घालून. डेव्हलपर पर्यायांतली अ‍ॅनिमेशनची (स्क्रीनवरच्या हालचालींची) तिन्ही मापं शून्य करायची. बटण मजकुरावरून शोधू नये. फोन मराठीत केला की ‘स्टॉप’ सापडत नाही. आयडीवरून शोधावं, पण त्याच्या पुढचं पॅकेजचं (म्हणजे अ‍ॅपचं अंतर्गत) नाव कंपनीगणिक वेगळं असतं, ते आधी बघून घ्यावं.

‘एआय आपोआप सगळं तपासतं’ या जाहिरातीवर विसंबू नका. बटण ते शोधून देईल. गजर बंद केल्यावर आवाज खरंच थांबला पाहिजे, ही अट माणसालाच लिहावी लागते.

शिवाय प्रत्येक चाचणीआधी घड्याळाचा डेटा पुसायचा. नाहीतर मागच्या फेरीतला पहाटे ५चा गजर यादीत तसाच राहतो, शोधात तोच आधी सापडतो आणि टॅप भलत्याच ओळीवर पडतो.