इजेक्शन सीट: पायलटच्या मणक्याचं गणित

२०२५ च्या डिसेंबरात डीआरडीओने चंदीगडला फायटर विमानाच्या एस्केप सिस्टीमची, म्हणजे संकटात पायलटला सीटसकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेची, टेस्ट केली आणि लगेच ‘भारत एलिट क्लबमध्ये’ वगैरे सुरू झालं. टेस्ट भारीच होती, वाद नाही. तेजसचा पुढचा भाग रॉकेट लावलेल्या स्लेडवर बसवून रुळांवरून ताशी ८०० किमीने पळवला, आत माणसाऐवजी सेन्सर भरलेला डमी. पण तेजसमधली सीट अजून ब्रिटिश, मार्टिन-बेकरची आहे, हे त्या गडबडीत राहूनच जातं.

असो. मला खरं बोलायचंय ते सीटमागच्या तोफेबद्दल. हो, तोफच. एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि आत काडतुसं. विमानाच्या शेपटाला न आपटता वर जायचं तर सेकंदाला साधारण १८ मीटर वेग हवा, आणि तो कमवायला अंतर मिळतं जेमतेम १ मीटर. शाळेतलं सूत्र लावा, वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, येतात १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट. थोडक्यात, ७० किलोचा माणूस तेवढ्यापुरता ११०० किलोच्या वर भरतो!

पण खरी मेख १६ या आकड्यात नाहीये, तो किती झटकन चढतो त्यात आहे. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून स्पीडब्रेकर खाल्लाय ना? बूड वर उडतं, डोकं-छाती मागे राहते आणि मधल्या मधे मणके दाबले जातात, आणि धक्का एकदम आला की मणक्यावर हिशोबापेक्षा जास्तच ताण येतो. १९४५ च्या सुमारास याच मार्टिन-बेकरच्या जेम्स मार्टिनने जमिनीवर उंच रिग उभारून त्यावर खरी माणसं उडवली, त्यात एकाचा मणका दुखावला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ‘जी’ चढण्याचा दर सेकंदाला ३०० जीच्या आत पाहिजे आणि कमाल २१ जी, तेही सेकंदाच्या दहाव्या भागापुरतंच. उपाय काय, तर बार दोन टप्प्यांत. आधी छोटं काडतूस, सीट थोडी सरकली की त्याच्याच ज्वाळेने पुढचं पेटतं. शिवाय खटका डोक्यावरून तोंडासमोर ओढायचा ठेवला, म्हणजे पाठ आपोआप ताठ. २४ जुलै १९४६ ला त्यांचाच फिटर बर्नार्ड लिंच उडत्या मीटिअर विमानातून असा बाहेर पडला.

पुढे सीटखाली रॉकेट आलं, त्यामुळे विमान धावपट्टीवर उभं असलं तरी पॅराशूट उघडण्याइतकी उंची मिळते. कॅनपीच्या, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, काचेवर नागमोडी पट्टी दिसते ना, ती डिझाईन नाही, स्फोटकाची दोरी आहे, काच फोडायला. तेजसच्या कॅनपीचं हे काम आपल्या पुण्यात झालंय.

पायलट वाचला की खाली कमेंट ठरलेली, ‘देव तारी त्याला कोण मारी’. अहो, तारलं त्या काडतुसांनी! आणि तरीसुद्धा तो स्वतःच्या पायाने चालत आला तरी डॉक्टर आधी त्याचा मणका तपासतात, कारण बारीक फ्रॅक्चर तिथेच सापडतं. चंदीगडच्या डमीतले सेन्सरही हेच मोजत होते, कुठे किती भार आला आणि किती जी बसले.