फॅन फिल्म, विज्ञानकथात्मक

एखाद्या गाजलेल्या विज्ञानकथापटाचे किंवा मालिकेचे विश्व, पात्रे व सामग्री घेऊन चाहत्यांनी स्वखर्चाने, बहुधा हक्कधारकाच्या परवानगीविना आणि नफ्याचा हेतू न ठेवता केलेला चित्रपट. पैसा, वेळ आणि माणसे यांची ओढाताण कोणत्याही हौशी चित्रपटात असते. या प्रकाराची खास अडचण अशी, की येथे मोजपट्टी दुसऱ्याने ठरवून दिलेली असते. स्वतः कल्पिलेले यान कसेही दिसले तरी चालते. प्रसिद्ध यानाची खिडकी जरा सरकली, तर ते ताबडतोब ओळखणारा प्रेक्षकच समोर बसलेला असतो.

उगम : पहिली फॅन फिल्म म्हणून अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या अँडरसन येथे १९२६ मध्ये झालेल्या एका मूकपटाचा उल्लेख वारंवार केला जातो. तो त्या काळच्या लोकप्रिय बालविनोदी चित्रमालेच्या धर्तीवर, स्थानिक मुलांना घेऊन केलेला होता. मात्र तो गावोगाव फिरणाऱ्या व्यावसायिकांनी केला असल्याने ‘चाहत्यांनी केलेला’ ही अट तो पुरी करत नाही. विज्ञानकथेशी तर त्याचा काहीच संबंध नाही. त्यापेक्षा डोनाल्ड ग्लट यांनी १९५३ ते १९६९ या काळात केलेले ४१ हौशी चित्रपट (डायनोसॉर, राक्षस, कॉमिकमधील महानायक) आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९७८ चा ‘हार्डवेअर वॉर्स’ हा ‘स्टार वॉर्स’चा सुमारे १३ मिनिटांचा विडंबनपट काही अभ्यासक आद्य मानतात. परंतु त्याचे व्यावसायिक वितरण झाले, त्यामुळे त्याला फॅन फिल्म म्हणावे की स्वतंत्र विडंबन, याविषयी मतभेद आहेत. जपानमध्ये ओसाका येथील विज्ञानकथा संमेलनाभोवती जमलेल्या तरुणांनी १९८१ व १९८३ मध्ये संमेलनासाठी सचेतपट केले. त्याच गटाच्या १९८३ मधील, अल्ट्रामॅन या दूरचित्रवाणीवरील जपानी महानायकाच्या चित्रपटात दिग्दर्शक हिदेआकी आन्नो स्वतःच उघड्या चेहऱ्याने महानायक झाले होते. इतर भाषांतील आरंभीचे प्रयत्न विखुरलेले आहेत.

फिल्मच्या काळातील तंत्र : १९६५ मध्ये आलेल्या सुपर ८ फिल्मच्या एका काडतुसात १५ मी. फिल्म असे. सेकंदाला १८ चौकटींच्या (सुट्या चित्रांच्या) वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंद पुरे, २४ च्या वेगाने जेमतेम अडीच मिनिटे. जुनी ८ मिमी. फिल्म उलटी गुंडाळून त्यावरच दुसऱ्यांदा चित्रण करता येई. भूत, दूरप्रेषण (माणूस एका जागी विरून दुसरीकडे प्रकटणे), ताऱ्यांपुढून जाणारे यान हे सारे अशा दुहेरी प्रकाशनावर उभे होते. सुपर ८ चे काडतूस सोयीचे, पण त्यातली फिल्म काही सेकंदांपलीकडे मागे नेता येत नसल्याने ही युक्ती जवळजवळ हातची गेली. किरणबंदुकीचा किरण तयार फिल्मवर सुईने ओरखडून काढत. हलका ओरखडा निळसर-हिरवट दिसे, खोल गेला तर पांढरा. चौकटीची उंची जेमतेम ४ मिमी.; सुई ०·१ मिमी. सरकली तर १ मी. उंच पडद्यावर किरण अडीच सेंमी. उडे. शिवाय हे सारे मूळ प्रतीवरच करायचे, त्यामुळे चुकलेली चौकट कापून टाकण्यावाचून गत्यंतर नसे.

प्रकाशखड्ग : १९७७ च्या मूळ ‘स्टार वॉर्स’मध्ये या तळपत्या तलवारींच्या पात्यांवर परावर्तक पट्टी लावली होती. ती पुरेशी तळपेना, म्हणून चकाकी नंतर चौकटीगणिक चढवावी लागली. हौशी मंडळींनी हीच पद्धत संगणकावर आणली. एका मिनिटाच्या, दोन पात्यांच्या द्वंद्वाला २४ × ६० × २ म्हणजे २,८८० मास्क (पात्याचा आकार वेगळा काढणाऱ्या आकृत्या) लागतात. पात्याच्या आकाराचा पांढरा गाभा, त्यावर वाढत्या धूसरतेचे तीन-चार रंगीत थर आणि ते ‘स्क्रीन’ या, चित्र केवळ उजळच करणाऱ्या पद्धतीने खालच्या चित्रात मिसळणे, एवढाच विधी आहे. नवखे बहुधा फटक्याच्या क्षणी चुकतात. वेगात फिरणारी काठी एका चौकटीत पंख्यासारखी पसरलेली असते. तिच्यावर सरळ पट्टी काढली तर पाते धक्के खात चालते. मास्कही तसाच पसरट काढावा लागतो. दुसरी उणीव प्रकाशाची : चकाकी नंतर आल्याने चेहऱ्यावर तिचा उजेड नसतो. पॉलिकार्बोनेटच्या नळीत एलईडी पट्टी घातलेली पाती वापरली की उजेड मिळतो. पण एलईडीची लुकलुक आणि शटर यांचा मेळ बसला नाही तर पात्यावर आडवे पट्टे उमटतात, आणि प्रदीपन (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) जरा वाढले की रंग जाऊन नुसता पांढरा दांडा उरतो.

हिरवा पडदा : पात्रामागे एकाच रंगाचा, हिरवा किंवा निळा, पडदा लावून नंतर संगणकावर त्या रंगाच्या जागी दुसरे चित्र बसवतात. फिनलंडमधील ‘स्टार रेक : इन द पर्किनिंग’ (२००५) या सुमारे सात वर्षे चाललेल्या पूर्ण लांबीच्या विडंबनाने हे दाखवून दिले की, दोन खोल्यांच्या घरात निळ्या पडद्यापुढे यानाचा अख्खा नियंत्रणकक्ष उभा करता येतो. तथापि लहान खोलीच बहुतेकांना नडते. पात्र पडद्यापासून किमान २ ते ३ मी. पुढे हवे, नाहीतर हिरवी झाक केसांवर व खांद्यांवर चढते, आणि ती काढताना त्वचाही करडी पडते. पडद्याला स्वतंत्र, सर्वत्र सारखा प्रकाश द्यावा आणि कापडाच्या चुण्या वाफेच्या इस्त्रीने मोडाव्यात. साध्या कॅमेऱ्यांत चार चित्रबिंदूंमागे रंगाची एकच नोंद होते. केसांच्या कडा करवतीसारख्या येतात त्या यामुळे. सॉफ्टवेअर बदलून फारसा फरक पडत नाही. भारतासारख्या ५० हर्ट्झ वीज असलेल्या देशांत शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. १/६० वर ट्यूबलाइटखाली चित्र थरथरते.

चिलखत, प्रतिकृती : चिलखतासाठी ५ ते १० मिमी. जाडीचे ईव्हीए (रबरासारखे लवचिक) फोम कापून, हीटगनने वळवून, रबरी डिंकाने जोडतात. डिंक दोन्ही कडांना लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे लागते. घाई केली की द्रावक आत अडकतो आणि उन्हातल्या चित्रणात नेमका खांद्याचा सांधा सुटतो. रंगापूर्वी पांढऱ्या गोंदाचे तीन-चार हात दिले नाहीत तर फोम रंग पिऊन टाकतो. शिरस्त्राणाची काच श्वासाने धुरकटते, म्हणून आत ५ व्होल्टचा छोटा पंखा बसवतात. त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येते, तेव्हा त्या दृश्याचे डबिंग ठरलेलेच.

यानाची प्रतिकृती कोसळताना खेळण्यासारखी दिसते, कारण ती फार लवकर पडते. नेहमीच्या वेगाने दाखवताना पडणे संथ व्हावे, म्हणून प्रमाणाच्या वर्गमूळाइतका चित्रणवेग वाढवावा : १/२५ प्रतिकृतीसाठी पाचपट, म्हणजे सेकंदाला १२० चौकटी. भिंगाचे छिद्र एफ/१६ च्या आसपास (म्हणजे बरेच लहान) मिटवले नाही तर उथळ फोकसमुळेही लहानपण उघडे पडते. मग प्रकाश कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. संगणकीय यानात ही अडचण नाही, तेथे वेळ लागतो. संगणकाला एक चौकट तयार करायला ४ मिनिटे धरली तर १० सेकंदांच्या दृश्याला १६ तास. अशा वेळी थेट व्हिडिओ न बनवता सुट्या प्रतिमांची मालिका साठवावी. वीज गेली तरी झालेले काम वाया जात नाही.

ध्वनी : सर्वांत दुर्लक्षित अंग. पुसट चित्र प्रेक्षक खपवून घेतो, न कळणारा संवाद नाही. संवादांमधल्या फटी भरण्यासाठी प्रत्येक जागी ३० सेकंद नुसती शांतता मुद्रित करून ठेवायला पैसा लागत नाही. तरी ते राहते.

कायदा : हक्कधारकांची भूमिका बराच काळ मौन संमतीची होती. ‘स्टार वॉर्स’च्या हक्कधारक लुकासफिल्मने तर २००२ पासून फॅन फिल्मसाठी स्पर्धाही घेतली. आरंभी तीत कल्पित कथांना जागा नव्हती, विडंबन व माहितीपट चालत. लोकवर्गणीने हे चित्र पालटले. ‘अ‍ॅक्सनार’ या स्टार ट्रेक प्रकल्पाने १० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवल्यावर हक्कधारक पॅरामाउंट व सीबीएस यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दावा लावला. जून २०१६ मध्ये त्यांनी नियमावली काढली : एक कथा १५ मिनिटांची, फार तर दोन भागांत मिळून ३० मिनिटे, वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत, कलाकार व तंत्रज्ञ बिनपगारी, मूळ मालिकेत काम केलेले कोणी नको. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने ‘न्याय्य वापरा’चा (परवानगीविना मर्यादित वापराच्या मुभेचा) बचाव अमान्य केला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. पैशाच्या अटीपेक्षा लांबीची अट अधिक जाचक ठरली असे दिसते, कारण तोवरचे अनेक गट पूर्ण भागांच्या मालिका करत होते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ खाजगी वापर, टीका व परीक्षण यांना सूट देते. विडंबनाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही.