कारचं लायसन्स आणि हेवी लायसन्स: ७,५०० किलोची हद्द कुठे लागते?

‘कारचं लायसन्स असलं की आता ट्रकही चालवता येतो,’ असं सर्रास सांगितलं जातंय. यातलं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी ड्रायव्हरकीत उतरू पाहणारी पोरं गोत्यात येऊ शकतात.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स असेल, तर एकूण ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं. ‘ट्रान्सपोर्ट’ची वेगळी नोंद लागत नाही. वाद मुळात विम्याचा होता. ही नोंद नाही, एवढ्यावरून विमा कंपन्या अपघाताची भरपाई देण्यावर हरकत घेत. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवून घर चालवणाऱ्यांसाठी हा निकाल मोलाचा आहे.

पण हे ७,५०० किलो म्हणजे गाडी अधिक माल. घोळ इथेच होतो. बोलताना आपण ‘पाच टनी गाडी’ म्हणतो तेव्हा मालाचा हिशेब सांगत असतो. त्यात गाडीचं स्वतःचं वजन मिळवलं की तीच गाडी हद्दीपलीकडे जाते. म्हणून कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं, एकूण वजन वाचा.

हद्दीपलीकडे नियम जुनेच आहेत. वय किमान २०, एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुनं, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, तेव्हा शाळा सुटली म्हणून कुणी मागे राहायचं कारण नाही. पेट्रोल किंवा गॅसचा टँकर चालवायचा तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंद लागते.

कागद एकवेळ जमतील. खरा फरक स्टिअरिंगवर कळतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार बघा. दहा चाकी ट्रकचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत असू शकतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत ब्रेक दाबून ड्रम तापतात, पकड सुटते. हे ब्रेक हवेच्या दाबावर चालणारे, म्हणजे एअर ब्रेक असतात, त्यामुळे वरचेवर दाबल्याने टाकीतली हवाही उतरत जाते. मग पाय पुरता दाबूनही गाडी थांबत नाही. कार चालवणाऱ्याला हे कधी शिकावंच लागत नाही. हेवीवाल्याला मात्र उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायची सवय अंगी बाणवावी लागते.

ही सवय पूर्वी क्लिनर उस्तादाशेजारी बसून वर्षानुवर्षं उचलायचा. आता कितीतरी गाड्यांवर क्लिनरच नसतो, म्हणजे नवा ड्रायव्हर घडायची ती वाटच आटली. मालक ‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ म्हणतात ते बहुतेक याच अवजड गाड्यांबद्दल. माझ्या मते त्यांनी आधी पगार, घरापासून तुटलेले दिवस आणि माल उतरवायला गेटवर ताटकळत घालवलेल्या रात्री यांचा विचार करावा. २०२५ पासून नव्या ट्रकची केबिन एसी करणं बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. पण तेवढ्याने माणूस टिकणार नाही.

शिकायचंच असेल तर २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेली प्रशिक्षण केंद्रं आहेत. तिथे एलएमव्हीचा कोर्स चार आठवड्यांत २९ तासांचा, तर मध्यम आणि अवजड वाहनांचा सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तो उत्तीर्ण केला की आरटीओची वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: एअर ब्रेकची गाडी आहे का, आणि ती भरलेली असताना घाटात चालवायला देणार का?