स्पाइस अँड वुल्फ

स्पाइस अँड वुल्फ : जपानी लेखक इसुना हासेकुरा यांच्या लाइट नॉव्हेल मालिकेवरून केलेली ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रांची मालिका. मूळ नाव ‘ओकामी तो कोशिन्र्यो’, म्हणजे लांडगा आणि मसाले. पहिले पर्व २००८ मध्ये आले, दुसरे २००९ मध्ये. २०२४ मध्ये हीच कथा पुन्हा पहिल्यापासून चितारली गेली. हिला फँटसी म्हणायचे ते नायिकेला लांडग्याचे कान आणि शेपूट आहे म्हणून. तलवारबाजी, जादूची शाळा, राक्षसांचा राजा यांतले इथे काही नाही. नायक फिरता व्यापारी आहे आणि त्याला सर्वांत जास्त भीती वाटते ती दिवाळे निघण्याची.

लाइट नॉव्हेल ही मुख्यतः तरुण वाचकांसाठीची, खिशात मावणारी सचित्र कादंबरी. छोटे परिच्छेद, भरपूर संवाद आणि मांगाच्या (जपानी चित्रकथांच्या) वळणाची चित्रे ही तिची ओळख. हासेकुरा यांच्या या पहिल्याच कथेला देंगेकी कादंबरी स्पर्धेत रौप्य पारितोषिक मिळाले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ती देंगेकी बुन्को या मालेत छापली गेली. चित्रे जू आयाकुरा यांची. २०११ पर्यंत १७ खंड झाले. २०१६ पासून पुढची कथाही येऊ लागली.

कथेचा प्रदेश काल्पनिक असला तरी त्याचा साचा मध्ययुगीन युरोपचा आहे. पास्लोए गावाच्या गव्हाची होलो ही लांडगी शेकडो वर्षे राखण करते आहे. गावाला आता सुधारलेली शेती समजते, जुनी देवता नकोशी झाली आहे. कापणीच्या शेवटच्या पेंढीत लांडगा दडलेला असतो ही गावातली समजूत लेखकाने मनाने रचलेली नाही; जर्मनी-फ्रान्सकडच्या शेतकऱ्यांत ती होती आणि मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी ती नोंदवून ठेवली आहे. तरुणीच्या रूपातली होलो क्राफ्ट लॉरेन्स या २५ वर्षांच्या व्यापाऱ्याच्या घोडागाडीत, कातड्यांच्या ढिगात जाऊन बसते आणि उत्तरेकडच्या योइत्सु या आपल्या गावी पोचवायला सांगते. पुढची सगळी कथा म्हणजे या दोघांचा प्रवास, वाटेतले सौदे आणि अखंड बोलणे.

मालिकेचे बळ या सौद्यांत आहे. पहिलाच व्यवहार पाहण्यासारखा आहे. एका चांदीच्या नाण्याचा कस वाढणार आहे, आत्ताच साठवून ठेवा, असा सल्ला झेरेन नावाचा तरुण लॉरेन्सला देतो. तो खोटे बोलतो आहे हे होलोचे कान लगेच ओळखतात. त्याच कानांनी ती नाणी वाजवून ऐकते : नव्या नाण्यांत चांदी उलट कमी होत चालली आहे. मग घसरणारे नाणे गोळा करण्यात कोणाचा फायदा? ज्या राजाला जुनी, जास्त चांदीची नाणी वितळवून त्यांतून अधिक नवी नाणी पाडायची आहेत, त्याच्याशी घासाघीस करू शकेल अशा पेढीचा. नाण्यांच्या बदल्यात ती जकातीसारख्या सवलती पदरात पाडून घेणार. सराफाच्या दुकानातला हा बट्ट्याचा हिशेब रहस्यकथेसारखा उलगडत जातो. पुढे मापात पाप करणारा मिऱ्यांचा गिऱ्हाईक भेटतो. त्याचे तराजूचे टेबलच कललेले आहे हे होलो उघडकीला आणते. त्या विजयाच्या धुंदीत लॉरेन्स उधारीवर दुप्पट चिलखते उचलतो, उत्तरेची लष्करी मोहीम रद्द होते, चिलखतांचे भाव कोसळतात आणि तो कर्जात बुडतो. हावेची ही साखळी फार नीट गुंफलेली आहे.

दुसरे बळ आवाजाचे. लॉरेन्सचा आवाज जुन फुकुयामा यांचा, होलोचा आमी कोशिमिझु यांचा. होलो स्वतःला ‘वाच्ची’ आणि समोरच्याला ‘नुशी’ म्हणते; एदो काळातल्या (सतरावे ते एकोणिसावे शतक) गणिकांच्या बोलीची छटा असलेले, जुनाट आणि लाडिक असे हे बोलणे आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये त्यातले जवळजवळ काहीच उरत नाही. आपल्याकडचे बहुतेक प्रेक्षक मालिका त्याच सबटायटलांवर पाहतात, तेव्हा निदान कान जपानीकडे ठेवावेत.

उणिवा याच गुणांच्या पोटातून निघतात. नाण्यांचा डाव पुस्तकात कळला नाही तर पान मागे उलटता येते; पडद्यावर गाडी चालत राहते आणि लॉरेन्स दोन मिनिटांत सगळे सांगून मोकळा होतो. कादंबरीचे निवेदन लॉरेन्सच्या मनाला चिकटून चालते, त्याची धाकधूक ओळीओळीत असते. ॲनिमेत त्यातले बरेचसे गळाल्याने तो काही वेळा नुसताच गोंधळलेला दिसतो. शिवाय पहिल्या पर्वातली दोन्ही मोठी संकटे अखेर होलो अजस्र लांडगा झाल्यावर निभावतात. इतका हिशेब मांडून उत्तर दातांनीच मिळणार असेल, तर प्रेक्षकाने आकडेमोड कशाला केली, हा आक्षेप रास्त आहे. दुसऱ्या पर्वातला पायराइट या सोन्यासारख्या चमकणाऱ्या खनिजाचा सट्टा म्हणूनच सरस वाटतो. तिथे लॉरेन्सला बाजारातच जिंकावे लागते आणि होलोच्या मनात काय आहे हे त्याला ठाऊक नसते.

रूपांतरातला सर्वांत खटकणारा बदल क्लोई ही मुलगी. कादंबरीत तिच्या जागी यारेई हा गावचा शेतकरी आहे आणि त्याच्या विरोधात अख्ख्या गावाची जुन्या देवतेपासून सुटण्याची धडपड दिसते. क्लोई आल्यावर त्यात मत्सर मिसळतो आणि प्रश्न लहान होतो. दुसऱ्या पर्वाने तर चौथा खंड सरळ गाळून पाचव्यावर उडी मारली, आणि कथा अर्ध्या वाटेवर सोडली ती १५ वर्षे तशीच राहिली.

२०२४ ची आवृत्ती पॅसिओन या स्टुडिओची, २५ भागांची. मुख्य दोन आवाज तेच आहेत. पहिल्या दोन पर्वांचे दिग्दर्शक ताकेओ ताकाहाशी इथे मुख्य दिग्दर्शक आहेत. यारेई परत आला आहे आणि गाळलेल्या चौथ्या खंडातले तेरेओ गावही आले आहे. चाल संथ असल्यामुळे सौदे समजायला सोपे झाले आहेत. जुन्या चित्रांतला मातकट, धुरकट रंग मात्र गेला. गावे आता जरा जास्तच धुतल्यासारखी दिसतात. पुढील पर्वाची घोषणा झाली आहे.