मेडिक्लेम नाकारला, मुलं औषधाला पैसे देत नाहीत… कुठे जायचं?
(आमच्या ज्येष्ठ अशिलांसाठी माहितीपत्रक)

पहिल्याच भेटीत बहुतेक आजी-आजोबा विचारतात, "मग केस टाकूया ना?" टाकू, पण कुठे ते आधी बघू. प्रत्येक तक्रारीचं दार वेगळं असतं, चुकीच्या दारात गेलात की वर्ष-दीड वर्ष हकनाक जातं आणि पंचाहत्तरीनंतर तेवढा वेळ घालवणं कुणालाच परवडत नाही.

सगळ्यात जास्त कामं मेडिक्लेमची येतात. घोळ नेहमीचाच. पेशंटला रात्री इमर्जन्सीत आणतात, ड्युटीवरचा ज्युनियर डॉक्टर सोबत जो असेल त्याला हिस्ट्री विचारतो, सून घाईघाईत सांगून टाकते "बीपी आहे, झाली असतील दहाएक वर्षं", ते तसंच केसपेपरवर उतरतं, तिथून डिस्चार्ज समरीत जातं, आणि पॉलिसी असते सहा वर्षांपूर्वीची, मग कंपनी म्हणते तुम्ही आधीचा आजार लपवलात, क्लेम रिजेक्ट. एका ओळीवर सगळं अडतं बघा. म्हणून घरी निघण्याआधी समरी नीट वाचा आणि चूक असेल तर तिथेच डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या, दोन महिन्यांनी मागितलेल्या सर्टिफिकेटवर कंपनी संशय घेतेच.

पण सहा वर्षं झालेली असतील तर घाबरू नका. 2024 मध्ये विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने मोरेटोरियमची, म्हणजे कंपनीला जुन्या माहितीवरून वाद काढता येतो त्या काळाची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली, त्यामुळे पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर 'माहिती दडवली' एवढ्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पाच वर्षं झाली नसली तरी लढता येतं. मनमोहन नंदा यांनी अमेरिकेला जाताना पॉलिसी घेतली, डायबेटिस आहे हे सांगितलं होतं, तिथे उतरल्यावर हार्ट अटॅक आला, कंपनीने क्लेम नाकारला, आणि डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीला सुनावलं की प्रकृती माहीत असताना पॉलिसी दिलीत ना, मग आता तेच कारण पुढे करता येणार नाही. अर्थात त्यांनी फॉर्मवर आजार लिहिला होता, हे महत्त्वाचं. एजंट "काका, कशाला लिहिता" म्हणाला तरी तुम्ही लिहाच.

आता दार कुठलं? आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात ऑफिस आहे. फी नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते, मात्र नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. तिथे वकील चालत नाही, म्हणजे आम्हाला आत येता येत नाही, अर्ज लिहायला मदत करू तेवढंच (हो, आमचंच नुकसान, पण खरं ते सांगतो). तिथला निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, पटला नाही तर ग्राहक आयोगात जाता येतं. उलटं केलंत आणि आधी आयोगात केस टाकलीत तर लोकपाल हात लावत नाही. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षं, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पुरावा बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रावर घेतात त्यामुळे आजोबांना दर तारखेला जिने चढायला लावायची गरज नाही.

केंद्र सरकारचे पेन्शनर असाल आणि हॉस्पिटल यादीत नव्हतं म्हणून सीजीएचएसने (केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेने) बिल अडवलं असेल तर 2018 चा शिवकांत झा निकाल दाखवा. उपचार खरंच घेतले का आणि त्याची कागदपत्रं आहेत का हे बघायचं, नुसतं यादीत नाव नाही म्हणून पैसे नाकारायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टाचं म्हणणं आहे. ही कामं मुंबईच्या कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात चालतात.

मुलांचा विषय निघाला की लोक गप्प बसतात. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात चरितार्थाच्या व्याख्येतच औषधोपचार आहेत, अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा, सज्ञान नातवंडांवरही करता येतो, नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो (प्रत्यक्षात लांबतं). दरमहा जास्तीत जास्त 10,000 मिळतात, नियमित डायलिसिस करणाऱ्याला ते पुरत नाहीत हे आम्हालाही कळतं. म्हणून घर मुलाच्या नावे करणार असाल तर बक्षीसपत्रातच लिहा की सांभाळ आणि औषधपाणी त्याने करायचं, म्हणजे त्याने हात वर केले तर याच कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की भांडण फार अवघड होतं.

पेशंट ॲडमिट असतानाच पैशांवरून अडलं असेल तर कोर्ट नंतर. हॉस्पिटल धर्मादाय आहे का विचारा, असेल तर तिथे 10 टक्के खाटा गरीब रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला गाठा, दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी द्या.

बार कौन्सिलच्या नियमाने आम्हाला जाहिरात करता येत नाही, हे पत्रक फक्त आमच्या अशिलांसाठी आहे, व्हॉट्सॲपवर फिरवू नका. भेटायला येताना पॉलिसीचं पूर्ण पुस्तक आणा, नुसतं कार्ड नको, सोबत केसपेपरची कॉपी, सगळी बिलं आणि नकाराचं पत्र. नकार फोनवरच कळवला असेल तर आधी ईमेल करून तो लेखी मागवा.